नववी जागा

महागावजवळच्या तांड्यावर सरकारी तपासणीसाठी मातीचे नमुने काढायचं काम अकरा वर्षं हंसाबाईंकडे आहे. तूर निघाली की त्या फावडं, घमेलं अन् कापडी पिशव्या घेऊन वावरं फिरतात. यंदा मार्चमध्ये सोबत सून होती. रंजिता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात बोलायचं होतं, चंद्रावर माणसं उतरतील ती कोणतं संशोधन करायला. मागच्या वेळी सरांच्या प्रश्नावर ती गप्प उभी राहिली होती. आता तसं झालं तर कॉलेज सोडायचं, असं तिनं सासूला सांगून टाकलं होतं.

"वावरात म्हणून पाह्य," हंसाबाई म्हणाल्या.

रंजितानं म्हणून दाखवलं. कायम सावलीतल्या खड्ड्यांत बर्फ किती, खडक किती जुने, जमीन हादरते कशी.

"दगड-माती तर मशीनही आणते. माणूस कायले?"

"सरही हेच विचारतील, याडी." सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची.

वावराच्या धुऱ्यावर मालक रूपसिंग भरलेली पिशवी घेऊन उभाच होता. "कायले फिरता? मी काढून ठेवली."

हंसाबाईंनी चिमूट चोळली. "गोठ्यामागची, शेणखताची हाये ना?"

"मंग काय खडकाळ दाखवू? सरकारात जाते माती!"

"पोरगी दाखवून राह्यला काय, पावडर लावून?"

रूपसिंग लाजला. हंसाबाई नागमोडी चालत आठ ठिकाणी खड्डे घेत गेल्या, माती घमेल्यात मिसळत. मग परतताना मध्येच थांबल्या. इथली माती वेगळ्या पिशवीत भरली.

"इथं काहून?" रंजितानं विचारलं.

"भुसभुशीत लागली पायाले. रंगही फिका हाये. इथं काहीतरी निराळं हाये."

रंजिता त्या जागेकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती दुपारच्या एसटीनं परतली. हंसाबाई दारातच तूर पाखडत होत्या.

"इचारलं सरानं?"

"इचारलं. मंग सांगतलं, सांगतलेल्या जागेवरची माती मशीनही आणते. पण माह्या सासूबाई नववी जागा पाहून थांबतात. तसं थांबायले माणूस पाह्यजे."

"अवो माय! माह्यं नाव कायले घेतलं एवढ्या पोरायत?" त्यांनी पदर तोंडाला लावला. सूप थांबलं होतं.

"पोरं हसले काय?"

"नाही. सरानं इचारलं, अजून काय काय पाह्यतात त्या."

हंसाबाईंनी तिला शेजारी बसायला जागा केली. सूप पुन्हा हलवत त्यांनी हळूच विचारलं, "तिसऱ्या वर्षाचं कॉलेज कधी लागते?"