पान्ह्यापुरती पोर

"पोरीले आधी लाव. पान्हा फुटला का सोडव. गाईले करतेत तसं."

मोठ्या बाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्या आत आल्या नाहीत, कारण आत मी होते. मी बारदानावर बसलेली. मांडीवर माझी चार महिन्यांची पोर. समोर जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनची, वाटी. पलीकडं गव्हाणीला तांबडी गाय होती आणि गडी तिचं वासरू सोडत होता. वासरानं दोन ढुशा दिल्या, आचळ तोंडात घेतलं. गाय पान्हावली तसं गड्यानं त्याला कान धरून ओढलं आणि खुंट्याला बांधलं. मग तो चरवी घेऊन बसला.

मीही तेच केलं. पोरीला छातीशी लावलं. तिनं चार घोट घेतले, दूध उतरलं, तशी मी बोट घालून तिचं तोंड सोडवलं. तिला टोपल्यात ठेवलं. ती रडायला लागली. मी वाटी धरून दूध पिळायला लागले. वासरू हंबरत होतं, पोर रडत होती. मोठ्या बाईंचं लक्ष फक्त वाटीकडं होतं.

तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांची असेन. वर बघायची माझी हिंमत झाली नाही. झाली नाही म्हणजे नाही. आज मोठ्या गोष्टी सांगायला बसले म्हणून तेव्हा धीट होते असं मी सांगणार नाही.

आमचं गाव रिठदच्या अलीकडं. आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माझा नवरा मोठ्या बाईंच्या घरी सालदार होता. साल म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला माणूस. राहायचं घर आमचं होतं, पण चूल त्यांच्या ज्वारीवर पेटायची. मी त्यांच्याच वावरात निंदण-वेचणीला जायची. छप्पन साली आमच्या अख्ख्या वस्तीनं धर्म बदलला होता. देव नदीत सोडले होते. गावानं मात्र आमच्यासाठी काहीच बदललं नव्हतं. विहीर वेगळी, वाट वेगळी, चहाची कपबशी वेगळी.

त्या घरच्या सूनबाईंना आठ वर्षांनी मुलगा झाला. बाळंतपणात ताप भरला आणि त्यांना दूधच आलं नाही. डब्याची पावडर पाजली तर पोर ओकायचं. वाशीमच्या डॉक्टरनं सांगितलं, याला बाईचंच दूध पाहिजे, कुणाचंही चालेल. डॉक्टरला काय, तो शहरातला माणूस. कुणाचंही म्हणून मोकळा झाला.

त्यांच्या जातीत ओल्या बाळंतिणी नव्हत्या असं नाही. दोघी तर त्याच आळीत होत्या. पण त्यांच्याकडं मागायला गेलं तर सुनेला दूध नाही हे घरोघर झालं असतं. आणि बरोबरीच्या माणसाला विनंती करावी लागते. आम्हाला नुसतं सांगता येत होतं. माझ्या नवऱ्याला औत सोडताना सांगितलं, उद्यापासून बायकोला सकाळ-संध्याकाळ पाठव. तो हो म्हणून आला. मला विचारलं नाही. माझं दूध, पण निरोप त्याला.

मला वाटलं होतं, पोर मांडीवर देतील. तसं काही नव्हतं. पोर माझ्या अंगाला लागलं तर बाटणार. म्हणून दूध वाटीत काढायचं. ती जर्मनची वाटी माझ्यासाठी ठेवलेली, गोठ्याच्या कोनाड्यात. मी ती उंच धरायची आणि खाली धरलेल्या त्यांच्या चांदीच्या वाटीत धार सोडायची. दोन्ही वाट्या एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत. धार पडली की मोठ्या बाई त्यात तुळशीचं पान टाकायच्या. झालं शुद्ध. आत नेऊन ते कापसाच्या बोळ्यानं पोराला पाजायचं. कापूस त्यांच्या वावरातला, मीच वेचलेला. तो बाटत नव्हता.

हातानं दूध किती निघणार? पहिल्या दिवशी निघालं, तिसऱ्या दिवशी आटत आलं. बाईचं अंग म्हणजे नळ नाही. तेव्हा मोठ्या बाईंना गाय-वासरू सुचलं. गोठ्यातच उभ्या होत्या, दुसरं काय सुचणार.

गावाला सांगितलं, पोर शेळीच्या दुधावर आहे. कुणाला शंका येऊ नये म्हणून दारात एक शेळी आणून बांधली. ती भाकड होती. बायाबापड्यांना माझं गोठ्यात जाणं-येणं दिसायचं. सगळ्या तोंडाला पदर लावून पुढं जायच्या. सगळ्यांना ठाऊक आणि कुणालाच ठाऊक नाही, असा तो कारभार.

इकडं माझी पोर सुकायला लागली. तिचा पान्हा ती आणायची आणि पोट दुसऱ्याचं भरायचं. घरी आणून पाजायला बसावं तर अंगात काही उरलेलं नसायचं. तिच्या मांड्यांवरची कातडी सैल पडली. मी नवऱ्याला म्हटलं, आपली पोर हातची जाईल. तो म्हणाला, "सालाचे पाच महिने राह्यले. जरा दमानं घे." त्याचंही चूक नव्हतं म्हणा. सालाच्या मध्येच काढलेल्या गड्याला त्या पंचक्रोशीत दुसरं कुणी ठेवत नव्हतं. पण मला त्याचा राग आला. अजून येतो.

एका सकाळी मोठ्या बाई रिसोडला नात्यातल्या तेरवीला गेल्या. मी गोठ्यात बसले होते. सूनबाई आल्या. त्या पहिल्यांदाच गोठ्यात आल्या होत्या. काखेत दुपट्यात गुंडाळलेलं पोर. सरळ माझ्यापुढं शेणात बसल्या, लुगड्याचीही पर्वा केली नाही.

"बोळ्यानं याचं पोट भरत नाई," म्हणाल्या. "याले अंगावर घे. मी कोनाले सांगत नाई."

मी आधी माझ्या पोरीला पोटभर पाजलं. त्या थांबल्या. मग पोराला घेतलं. मूठभर होतं. त्याला ओढताच येईना. दोनदा तोंडातून सुटलं. तिसऱ्यांदा त्यानं धरलं आणि डोळे मिटून असं ओढलं की माझ्या पाठीतून कळ गेली. मला वाटलं होतं, मला याचा राग येईल. ह्याच्यापायी माझी पोर वाळली. राग आला नाही. माझं अंग त्याच्यासाठी भरून आलं, जसं पोरीसाठी यायचं. अंगाला जात कळत नाही, हे मला तिथं कळलं, आणि मला माझ्याच अंगाची चीड आली. सूनबाई रडत होत्या. कशासाठी ते मी विचारलं नाही. आपलं लेकरू दुसरीच्या छातीला बघताना काय होत असेल, ते मला तेव्हा समजत नव्हतं. आता थोडं समजतं.

मोठ्या बाई चार दिवस तिकडंच राहिल्या. चार दिवस मी पोराला अंगावर पाजलं. आधी माझी पोर, मग तो. दोघांनाही पुरलं. वाटीनं कधीच पुरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मोठ्या बाई परतल्या. बोळा घेऊन बसल्या तर पोरानं तोंड फिरवलं. बोळा थुंकून दिला. एवढंसं पोर, पण त्याला खरं काय ते कळलं होतं. मोठ्या बाईंनी सुनेकडं बघितलं आणि सुनेनं मान खाली घातली. झालं. मार्गशीर्षातली थंडी, आणि त्यांनी पोराला गोमूत्र शिंपडून थंडगार पाण्यानं अंघोळ घातली. त्याचं किंचाळणं मला गोठ्यात ऐकू आलं. माझा झंपर दुधानं भिजला.

दुपारी मला आणि नवऱ्याला अंगणात बोलावलं. मोठ्या बाई ओसरीवर, आम्ही खाली. नवऱ्यानं हात जोडलेले. सूनबाई दाराआड, त्यांच्या पायाची बोटं तेवढी दिसत होती. मी मार खायच्या तयारीनं गेले होते. पण मोठ्या बाई शांत होत्या. आवाज चढवला नाही.

"झालं ते झालं," म्हणाल्या. "वाटी चालू ठेव. पन पोरीच्या डोक्यावर हात ठेव अन् शपथ घे. या पोरानं तुह्या अंगाले तोंड लावलं नाई. तुहं दूध पेलंच नाई. शेळीचं पेलं. जलमभर हेच सांगशीन."

नवरा हळूच म्हणाला, घे ना. काय जाते.

मी हात उचलला. खोटं कशाला सांगू, उचलला. पोरीच्या टाळूवर नेला. टाळू उडत होती. हाताखाली ती गरम, मऊ टाळू लागली आणि मी थबकले. रोज संध्याकाळी आमच्या कुडाच्या विहारात आम्ही बाया वंदना म्हणायचो. मी खोटं बोलणार नाही, हेही त्यात येतं. मी ते कितीतरी वर्षं म्हणत होते, तोंडपाठ, भाकरीचा विचार करत करत. त्या अंगणात ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. मी दूध दिलं होतं. माझ्या पोरीच्या तोंडचं काढून दिलं होतं. आणि आता माझ्याच पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणायचं की मी नव्हतेच. दूध शुद्ध करून घेतलं, आता त्यांना मलाच पुसून टाकायचं होतं.

मी हात मागं घेतला.

"शपथ नाई घेत, बाई. दूध माहं हाये. त्यानं माहं दूध पेलं."

"मंग पोरगं मेलं तं पाप तुह्या माथी."

माझा आवाज निघाला. "मरू नाई देत. माह्या दारात आना. दिवसाउजेडी आना, माह्या मांडीवर द्या. माही पोर पेली का त्याले पाजतो. वाटीत आता थेंब नाई."

मी वळले आणि निघाले. आमच्या लोकांनी त्या अंगणातून पाठ न दाखवता मागं मागं सरकत बाहेर पडायचं, अशी रीत होती. मी पाठ दाखवली. नवरा अर्ध्या तासानं घरी आला. साल गेलं होतं. त्यानं मला मारलं नाही. एवढंच म्हणाला, "हात ठेवला असता तं काय झिजलं असतं?" त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गडी वाटी घेऊन आला. परत पाठवली. दुपारी पुन्हा आला. पुन्हा परत. संध्याकाळच्या आधी सूनबाई स्वतः आल्या. आमच्या वस्तीच्या तोंडाशी कडुनिंब आहे, तिथपर्यंत. छातीशी पोर. तिथून माझं दार वीस पावलांवर. त्या पुढं आल्या नाहीत. मी उंबऱ्यात उभी, माझ्या दोन्ही छात्या दगडासारख्या ठणकत होत्या. पोर बारीक आवाजात रडत होतं. सगळी वस्ती बघत होती. मी चार पावलं पुढं गेले असते तर कदाचित त्या उरलेली आल्या असत्या. मी गेले नाही. त्या उभ्या राहिल्या, मग मागून कुणी हाक मारली आणि त्या वळल्या. ती वीस पावलं मी आजवर कितीदा तरी चालून बघितली आहेत मनात. सुखाची झोप त्यानंतर मला फार कमी लागली.

पोर मेलं नाही. त्याला वाशीमला नेलं, दवाखान्यात ठेवलं, कुठली तरी वेगळी पावडर त्याला मानवली. आम्ही दोघं मेडशीकडं एका मुकादमाच्या हाताखाली रस्त्याच्या खडीवर गेलो. माझे हात फुटले. पण पोरीच्या मांड्या भरल्या.

चार वर्षांनी आम्ही गावात परत आलो. तुरीच्या वावरात मजुरीला होते, तिथं सूनबाई एकट्या आल्या. पोर आता चांगलं धावायचं, त्यांनी त्याला बांधावर खेळत ठेवलं. गोरंगोमटं, हट्टी पोरगं. मी त्याच्याकडं बघत राहिले, तशा त्या मध्ये उभ्या राहिल्या.

"त्याले कदी सांगू नको," म्हणाल्या. "त्याची माय मीच हावो."

"तुमीच हा," मी म्हटलं. "मी होऊन कदी नाई सांगनार. पन मोठा होऊन त्यानं मले इचारलं, तं खोटं नाई बोलनार. अन् माह्या पोरीले मी सांगतलं हाये. तिच्या वाटचं होतं ते."

त्या वळल्या. पोराला उचलून बांधाबांधानं गेल्या.

नवरा अजून कधी कधी तेच काढतो. म्हणतो, तू मोठ्या बाईशी भांडलीस ते ठीक, पण भूक लेकराची होती. लेकरासाठीसुद्धा नमायचं नाही का? मी खूप विचार केला. उत्तर कडू आहे, पण माझं आहे. माझ्या अंगातलं काहीही घ्या, दूध घ्या, रक्त घ्या, मी देईन. घेताना माझ्या तोंडाकडं बघा आणि चारचौघांत माझं नाव घ्या. ज्यांना ते जमत नाही, ते दरवेळी पुढं लेकरू धरतात. त्या लेकराचा जीव त्यांनीच टांगणीला लावलेला असतो. मी लावलेला नसतो. हे मला त्या वेळी बोलता आलं नव्हतं. आता येतं, आणि आता कुणीही मागायला आलं तर पहिल्यांदा मी हेच बोलणार आहे.