कांदा जातो तिथवर

गाडी दारात आली तेव्हा मला आनंदापेक्षा संकोच जास्त वाटला. जुनीच फियाट, एका दाराचा रंग बाकीच्या गाडीशी न जुळणारा. पण ऐंशीच्या दशकातल्या नाशिकमध्ये, आमच्या कारकुनांच्या कॉलनीत, ती पहिलीच चारचाकी. जन्मभर पिशव्या वाहत पायी चाललेली आई ओट्यावर उभी राहून तिच्याकडे पाहत होती, आणि मी विनाकारण ओशाळलो. ते ओझं उतरावं म्हणूनच विचारलं, "आई, कुठं जायचं? सांगशील तिथं नेतो."

मला वाटलं, त्र्यंबक म्हणेल. फार तर वणी.

"आपला कांदा जातो तिथवर," ती म्हणाली.

तिचं माहेर विंचूरचं. लग्नानंतरही दर उन्हाळ्यात ती भावाच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. गोण्या ट्रकवर चढायच्या. काही ट्रकांच्या मागे गोलगोल अक्षरं असायची, गावात कुणालाच न वाचता येणारी. ट्रक कुठला म्हणून विचारलं की मामा म्हणायचा, "मद्रासचा. त्याच्या पुढं नुसतं पाणी हाय." आपल्या हातातून गेलेला कांदा त्या पाण्याकाठी कुणीतरी चिरत असेल, ती बाई कशी दिसत असेल, हे आई इतकी वर्षं मनात धरून होती. मी तिचा मुलगा, आणि मला हे आज कळत होतं.

मी जोमानं तयारीला लागलो. नकाशा आणला, पण त्यावरच्या लाल रेघेवर भरवसा वाटेना. मग रविवारी विंचूर गाठलं. मार्केटच्या बाहेर, चहाच्या टपरीपाशी दक्षिणेकडचे ट्रक उभे असत. एका ड्रायव्हरला चहा पाजून रस्ता विचारला. त्यानं बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवून पुणं, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर असा अख्खा देश काढून दाखवला. मी थक्क होऊन पाहत राहिलो. तो सुकायच्या आत मी सगळं पाठ केलं.

"थांबायचं कुठं?" मी विचारलं.

"थांबने का नहीं, साब. दो डिरायवर रखो. माल गरम होता है, सड जाता है."

मी तेच प्रमाण मानलं. मुक्काम दोनच, जेवण गाडीत, पहाटे निघायचं. घरी येऊन मोठ्या अभिमानानं बेत ऐकवला. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"का रे, मी काय कांदा हाय नासायला?"

बायकोला हसू आवरेना. मीही हसलो, पण आतून चरकलो. आईला गाडी लागते, हे मी बेतात धरलंच नव्हतं. एसटीत ती कायम खिडकीशी, मुठीत लिंबू घेऊन बसायची.

"अहो, मद्रास राहू द्या," बायको म्हणाली. "आधी घाटातून पेठ गावापर्यंत तरी नेऊन बघा. सोसलं तर पुढचं."

आईनं मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला होता. पेठच्या रस्त्यावर काय ठरणार, हे तिला पुरतं कळलं होतं.

पावसाळा सरत आला होता. घाट सुरू झाला आणि तिसऱ्याच वळणावर तिनं माझा खांदा घट्ट धरला. मी गाडी कडेला घेतली. ती उतरली, ओकली, चूळ भरली. मला वाटलं, संपलं सगळं. बायकोनं तिची पाठ चोळत माझ्याकडे पाहून मान हलवली. परत फिरू या, असं मी म्हणणारच होतो.

पण आई एका दगडावर बसून खाली बघत होती. उतारावर नागली पिकायला आली होती, खालच्या खाचरांत भात पिवळं पडत होतं. त्यापलीकडे डोंगरामागे डोंगर, पार गुजरातच्या अंगाला, निळे होत होत आभाळात विरलेले. ढगाची सावली एकेका डोंगरावरून सरकत होती.

"हे इथंच होतं?" आई हळूच म्हणाली.

माझी पेठला बदली होती तेव्हा मी तीन वर्षं याच घाटातून ये-जा केली होती. एसटीत डोळे मिटून. कसं आहे तिकडं, असं आई विचारायची आणि मी सांगायचो, "काही नाही गं, नुसते डोंगर." तिचा तो प्रश्न आठवला आणि मान खाली गेली.

बऱ्याच वेळानं ती आपणहून उठली. पदरानं तोंड पुसून पुढच्या सीटवर बसली. "चल. पण पुढच्या वळणावर परत थांबायचं."

आम्ही प्रत्येक वळणावर थांबलो. पेठ काही आलं नाही, पण ती पुन्हा ओकली नाही. घरी येऊन मी नकाशा परत उघडला, आणि या खेपेला मुक्काम आईनं ठरवले. नकाशावर बोट जेमतेम पेरभर सरकवायची आणि विचारायची, "इथं थांबलं तर चालंल?" दिवाळीनंतर मी साठवलेली सगळी रजा टाकली.

निघालो त्या दिवशी सिन्नरच्या पुढे झाडाखाली गाडी लावून आम्ही भाकरी खात बसलो होतो. कांद्याचा एक ट्रक जोरात हॉर्न वाजवत दक्षिणेकडे गेला. त्याच्या मागे तीच गोलगोल अक्षरं होती. त्याच्या मागोमाग निघायला सवयीनं माझा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"बस रे," आई म्हणाली. "जाऊ दे त्याला पुढं. त्याचा माल नासंल."