शिट्टी आणि कचऱ्याची थैली

मुलीच्या गळ्यात शिट्टी बघून माझे धाकटे दीर खो खो हसले. "वहिनी, सहलीला दाल-बाफले खायला चाललोय, फौजेत नाही!"

म्हटलं, हसा भावजी. जंगलात न्यायचं तर आठ वर्षांच्या पोरीला एवढं यायलाच हवं. वाट चुकली की आहेस तिथेच थांब, झाडापाशी बस, अंगाला गार वारा लागू देऊ नकोस, मग शिट्टी वाजव. खाण्याचं नंतर बघ. जुनी इंदूर भागातल्या घरून निघाल्यापासून मी गाडीत हे इतकं घोकून घेतलं की नवऱ्यानं वैतागून गाणी मोठी केली.

जेवणं झाली. उरलेले कणकेचे बाफले कोण नेणार यावर वाद रंगला होता आणि माझ्या लक्षात आलं, पोरगी नाही. कचऱ्याची मोठी काळी थैलीही नाही. ही बया डस्टबिन शोधायला गेली! इंदूरचंच पोर ते, ओला कचरा-सुका कचरा बोलायला लागल्यापासून पाठ. पण जंगलात कुठला आलाय डस्टबिन?

थंडीचे दिवस, ऊन डोंगरामागे उतरत चाललेलं. आम्ही हाका मारत सुटलो. भावजींचं हसू पळालं होतं. नवरा सारखा म्हणत होता, "मिल जाएगी, मिळेल गं," आणि स्वतः प्रत्येक झाडामागे डोकावत होता. शेवटी मी ओरडले, "गप्प बसा जरा! तुमच्या बोंबलण्यात तिची शिट्टी कशी ऐकू येणार?"

सगळे गप्प झाले. काहीच नाही. मग नाल्यापलीकडून बारीकशी शिट्टी आली.

सागाच्या बुंध्याला टेकून बसली होती. थैलीला तोंडापुरतं भोक पाडून ती अंगात घातलेली, नाक लालबुंद. मी तिला थैलीसकट कवटाळलं आणि ढसाढसा रडले. थैलीला डाळीचा वास येत होता. सुटले रे देवा, सुटले!

"आई, रागावू नको ना. थैली रिकामी करावी लागली. पण कचरा फेकला नाहीये मी."

शेजारी दोन ढीग होते. एकीकडे उष्टं, दुसरीकडे कागद आणि रिकामी पाकिटं. उडू नयेत म्हणून पाकिटांवर दगड. भावजी डोळे पुसत वाकले आणि दोन्ही ढीग एकत्र उचलायला लागले.

"काका! मिक्स नका करू!"

सगळे हसत सुटले. मीही हसले, पण घर येईपर्यंत तिचा हात काही सोडला नाही.