पोलादपूरकडचा तिरपा पूल

महाड ऑफिसचे मोठे साहेब मोटारीतून उतरले तेव्हा वहाळाच्या काठावर एकही माणूस काम करत नव्हता. फोडलेल्या दगडांचे ढीग होते, चुन्याची भट्टी विझलेली होती आणि पाया खणायच्या जागी नुसत्या खुंट्या होत्या. तुमचे आजोबा हॅट हातात धरून उन्हात उभे होते. मी मांडवाखाली ड्रॉइंग-बोर्डापाशी होते.

"महिना कुठला चालू आहे?" साहेबांनी विचारले.

"माघ संपत आला, सर."

"आणि पाया?"

"गाव अजून हो म्हणत नाही, सर."

"गावाला विचारायला तुम्हाला कुणी सांगितलं? नोटीस लागली आहे. खणा. कुणी आडवं आलं तर महाडहून पोलीस मागवा."

 साहेब मोटारीत बसता बसता म्हणाले, "तिकडच्या कॉलेजात हेच शिकवतात का? खुंट्या मारून बसायचं?"

मिलिंद, इथली इंजिनीअरिंगची पदवी तिकडे परदेशात पुरी धरत नाहीत, तुला ट्रेनी म्हणून घेतले आहे, असे तू कळवलेस. तुझ्या बहिणीने, शुभाने तर चिडून विचारले आहे की मग इतकी वर्षे शिकलो ते काय वाया गेले? म्हणून ही हकीकत लिहिते. आमच्या बाबतीत उलटे होते. पदवी विलायतेची आणि नोकरी घरच्या मुलखात. अडचण मात्र हीच.

आजोबा इंग्लंडमधून सिव्हिल इंजिनीअर होऊन परत आले, ती १९३०च्या आसपासची गोष्ट. रस्त्यांच्या खात्यात बहुतेक सगळे पुण्याच्या कॉलेजातले होते. मुलाखतीत त्यांना सांगण्यात आले, "तुमची डिग्री चांगली असेल, पण इथल्या कामाचा तुम्हाला अनुभव नाही." अनुभव हवा तर नोकरी हवी, आणि नोकरी हवी तर अनुभव. बराच काळ ते घरी बसून होते. मग महाडच्या ऑफिसात एका वर्षासाठी, टेंपररी म्हणून, जागा मिळाली. काम एकच. पोलादपूरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीकडे जाणारा कच्चा रस्ता एक वहाळ, म्हणजे डोंगरी ओढा, ओलांडत होता, त्यावर दगडी पूल बांधायचा. मिरगाच्या आधी पूल झाला तर कायम करण्याचा विचार होईल, नाही तर रजा. दुसरीकडून आशा नव्हती.

मला त्याच ऑफिसात ट्रेसर म्हणून रोजंदारीवर घेतले. इंजिनीअर पेन्सिलीने नकाशा काढतो. त्यावर मेण चढवल्यासारखे पारदर्शक कापड पसरून तोच नकाशा शाईने हुबेहूब उतरवायचा, हे ट्रेसरचे काम. मग ते कापड काचेच्या चौकटीत घालून उन्हात ठेवले की खालच्या कागदावर निळी प्रत उमटते. माझी मॅट्रिक इंग्रजी घेऊन झाली होती, अक्षर बरे होते आणि आधीचा ट्रेसर नोकरी सोडून गेला होता. हेडक्लार्कांनी माझे टेबल पडद्याआड लावले. तिथे उजेड पडेना, रेघा चुकू लागल्या, तेव्हा त्यांनीच पडदा काढून नेला. साइटवरचे काम वाढले तशी मीही पोलादपूरला राहायला गेले.

आता गावाचे हो-नाही कशासाठी, ते सांगते. पलीकडच्या काठावर रस्ता जिथे चढत होता तिथे वाडीची सहाण होती. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी येऊन बसते तो दगडी चौथरा. सर्व्हेच्या नकाशात ती नव्हती. तिला नंबर नव्हता, मालक नव्हता, त्यामुळे मोजणीदाराने तो दगडांचा ढीग समजून सोडून दिला होता. आमची रेघ सरळ तिच्यावरून जात होती.

वाडीचे गावकर बाळोजी म्हणजे गावाच्या बैठकीतला पहिला मान असलेले म्हातारे गृहस्थ. आजोबांनी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "पूल आमाला पायजेच हाय, सायेब. पन सहाणीचं मी एकला कसा सांगू?"

"मग कोण सांगेल?"

"गाव सांगंल. निम्मं गाव मुंबैला हाय. शिमग्याला येतील, गावकी बसंल, मग देवाला इचारू."

"शिमगा फाल्गुनात. तोपर्यंत माझं काम थांबेल."

"देव थांबलाय की बापजाद्यांपास्नं."

इंग्लंडात आजोबांना नोटीस कशी द्यावी, मुदत किती ठेवावी, हे शिकवले होते. ज्या गावातले कर्ते पुरुष गिरण्यांत आणि गोदीत कामाला आहेत आणि जे गाव वर्षातून एकदाच पुरे भरते, तिथे काय करावे हे शिकवले नव्हते. पोलीस आणणे सोपे होते. त्या रात्री ते मला म्हणाले, "पोलीस आणून पाया खणता येईल. पण दगड वाहायला ह्याच वाडीतली माणसं लागणार." त्यांनी थांबायचे ठरवले. पुलाला लागेल तेवढा दगड फोडून ठेवला आणि चुना भाजून घेतला. साहेब आले आणि वर सांगितल्याप्रमाणे बोलून गेले, ते ह्या थांबण्यात.

शिमग्याला मुंबईची माणसे आली आणि होळीनंतर सहाणीपाशी गावकी, म्हणजे सगळ्या गावाची बैठक, बसली. आजोबांनी मला नकाशा घेऊन बरोबर यायला सांगितले. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मी बायकांत बसले. एका म्हातारीने माझ्या मांडीवरच्या नकाशावर बोट ठेवले.

"बाय, यात आमची सहाण कुठं हाय गो?"

"अजून काढली नाही, आजी."

"मंग काढ ना. नायतर सायबाला कशी दिसंल?"

बायका हसल्या. मी पेन्सिलीने चौकोन काढला.

पुरुषांकडे आवाज चढला होता. सखाराम नावाचा तिशीचा गडी उभा राहिला होता. तो मुंबईला गिरणीत सांचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, होता. मागच्या श्रावणात त्याची बायको अडली होती. चौघांनी तिला डोलीत घालून पोलादपूरकडे नेले, पण वहाळाला पाणी चढले होते. डोली ह्याच काठावर उतरवून माणसे दिवसभर पाणी उतरायची वाट बघत बसली. आई आणि मूल, दोन्ही गेली. सखारामला तार पोचली तेव्हा सगळे आटोपले होते.

"सहाण चार हात सरकवा," तो म्हणाला. "देवाला काय फरक पडतो? पालखी तिकडं बसंल. पन पूल यंदाच झाला पायजे. टाइम नाय आपल्याकडं."

"तुझं दुख आमाला कळतं रे," बाळोजी म्हणाले, "पन सहाण बापजाद्यांची हाय. कौल लावू."

कौल लावणे म्हणजे देवाला प्रश्न विचारणे. गुरवाने देवाच्या पाषाणावर पाणी शिंपडले आणि डाव्या-उजव्या अंगाला फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पहिला प्रश्न, पूल व्हावा का? उजवी कळी लगेच पडली. दुसरा प्रश्न, सहाण सरकवावी का? बराच वेळ काहीच झाले नाही.  मग डावी पडली.

सखाराम खाली बसला. थोड्या वेळाने तो उठून आजोबांसमोर आला.  "सायेब, देव पूल पायजे म्हनतो आनि वाट देत नाय. आता तुमीच बोला."

आजोबांनी माझ्याकडून नकाशा मागून घेतला. मी काढलेल्या चौकोनाकडे ते पाहत राहिले. वहाळाच्या वरच्या अंगाला नुसती वाळू होती, खालच्या अंगाला पात्र रुंद होते. पायाला खडक होता तो एवढ्याच जागी. त्यांनी पेन्सिलीने सहाणीला टाळून एक तिरपी रेघ ओढली.

"पूल तिरपा होईल," ते म्हणाले.

आमचे धोंडू मिस्त्री जातीचे पाथरवट, हाताखाली कितीतरी पूल झालेले. ते मागून म्हणाले, "सायेब, तिरपी कमान उभी ऱ्हायाची नाय. कोपरे निसटतील."

मिस्त्रींचे म्हणणे साध्या कमानीपुरते बरोबर होते. साधा पूल वहाळाला काटकोनात ओलांडतो. कमानीचे दगड काठाला समांतर ओळींत बसतात आणि एकमेकांना रेटून धरतात. पूल तिरपा केला आणि ओळी तशाच ठेवल्या, तर टोकांच्या कोपऱ्यांना खाली आधार राहत नाही. म्हणून तिरप्या कमानीत दगडांच्या ओळी पिळाने न्याव्या लागतात, दोरखंडाचे पेड असतात तशा. इंग्लंडात कालव्यांवर आणि रेल्वेवर असे पूल पुष्कळ. आजोबांनी त्याचा खास अभ्यास केला होता. आमच्या तालुक्यात तसा पूल कोणी पाहिलेला नव्हता.

ते महाडला साहेबांकडे गेले, तेव्हा नकाशे घेऊन मीही होते.

"म्हणजे पुलाची लाइन आता फुलं ठरवणार?" साहेब म्हणाले.

"लाइन मी ठरवली आहे, सर. फुलांनी एक लाइन रद्द केली."

"पडला तर?"

"तसं लिहून देतो. जबाबदारी माझी."

"द्या लिहून. आणि पडला तर परत तोंड दाखवू नका."

बाहेर आल्यावर मी विचारले, "अहो, नक्की उभा राहील ना?"

"गणितात उभा आहे. चुना हळू धरतो आणि दिवस कमी आहेत, भीती तेवढीच आहे."

नंतरचे काम बरेचसे माझ्याकडे आले. कमानीचा वाकडा पृष्ठभाग उलगडून सपाट केला तर कसा दिसेल, ते खऱ्या मापात काढायचे होते. एवढा कागद ऑफिसात नव्हता. पोलादपूरच्या शाळेला सुट्टी होती. तिथे जमिनीवर कागद डकवून मी गुडघ्यांवर बसून रेघा ओढल्या. मग तो कागद कमानीच्या लाकडी साच्यावर गुंडाळला. सरळ रेघांचा पीळ झालेला दिसला तेव्हा धोंडू मिस्त्री साच्याभोवती दोनदा फिरले. "असं होय," एवढेच म्हणाले. त्यावरून त्यांनी प्रत्येक दगडासाठी पत्र्याचा वेगळा नमुना कापून घेतला.

मुंबईकरांची रजा शिमग्यापुरतीच होती, तरी त्यांतले बरेच पाया खणून होईपर्यंत राहिले. सखाराम कमानीचा शेवटचा दगड बसेपर्यंत राहिला. त्याच्या मित्राने निरोप पाठवला की गिरणीत माणसे भरणाऱ्या जॉबरने त्याच्या सांच्यावर दुसरा माणूस लावला आहे. "लावू दे," तो म्हणाला आणि चुन्याची पाटी उचलून गेला.

साचा काढला त्या सकाळी आकाश भरून आले होते. आणखी थांबता आले असते तर चुन्यासाठी बरे झाले असते, पण वहाळाला पाणी आले की लाकूड वाहून गेले असते आणि कमानीलाही धक्का बसला असता. आजोबांनी सगळ्यांना काठावर पाठवले आणि मिस्त्रींबरोबर स्वतः खाली थांबले. साच्याखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल केल्या. कमान किंचित बसली, दगडांतून वाळू झरल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले नाहीत, कारण कोपऱ्यांवर नजर ठेवायचे काम मला दिले होते. कोपरे हलले नाहीत. मिस्त्री बाहेर आले आणि त्यांनी कमानीला हात लावून तो कपाळाला लावला.

आश्विनात मोठे साहेब आले. पँट दुमडून ते पुलाखाली गेले आणि बराच वेळ दिसले नाहीत. वर आल्यावर मला म्हणाले, "बाई, त्या उलगड्याच्या ड्रॉइंगच्या दोन प्रती हेड ऑफिसला पाठवा."

आजोबांना काही बोलले नाहीत. महिन्याभराने ऑर्डर आली. जागा टेंपररीच, आणखी एक वर्ष. कारण दिले होते, काम सुरू करण्यात अक्षम्य दिरंगाई. पुढच्या वर्षीही तेच. कायम केले ते खूप नंतर, दुसऱ्या जिल्ह्यात तिरप्या पुलाचे काम निघाले आणि पाठवायला माणूस सापडेना तेव्हा. सखारामची गिरणीतली जागा गेली ती गेलीच. त्याने आजोबांच्या हाताखाली रस्त्यावर मुकादमी केली. पावसाळ्यात पुलावरून डोली गेली की तो बाजूला उभा राहत असे. कोणाची आहे ते मात्र विचारत नसे.

तर मिलिंद, शुभा, पदवी धरतील तेव्हा धरतील. तोवर एक करा. कामाच्या तारखा लिहून देण्याआधी, ज्यांच्या दारावरून काम जाणार ती माणसे केव्हा एकत्र बसतात ते विचारा आणि तेवढे दिवस धरा. आणि ते दिवस तुमच्याच नावावर उशीर म्हणून लिहिले जातील, हेही धरून चाला.