पूर्वेस कोण राहते

गाझियाबादच्या कचेरीबाहेर बसून मी गेली कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची गरज आजवर एकाही वकिलास भासलेली नाही, हे येथे नमूद करणे मी आवश्यक समजतो.

आमच्या मराठी मंडळात दरमहा एका पुस्तकावर चर्चा होते. बोलणारे बहुतेक केंद्र सरकारातले अधिकारी. मी सतरंज्या अंथरून मागे बसत असे. या खेपेस मात्र मी स्वतःचे नाव दिले. विषय होता, कादंबरीतील स्थळ आणि समाजाचा ऱ्हास. आमची सौभाग्यवती म्हणाली, अर्ज साहेबाला वाचावाच लागतो, भाषणातून लोक उठून जातात. माझ्या भाषणातून कोणी उठू नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्या महिन्याची कादंबरी मी माझ्या पद्धतीने वाचली. जागेच्या अर्जात आम्ही आधी चतुःसीमा लिहितो, म्हणजे चारही दिशांना काय आहे ते. कादंबरीतल्या घराची चतुःसीमा मी प्रकरणाप्रकरणातून शोधून काढली. आरंभी पूर्वेस रंगाऱ्याचे अंगण होते, पश्चिमेस सुईण, दक्षिणेस सनईवाला आणि उत्तरेस सर्वांची विहीर. पुढे सुईणीच्या बाजूला कुंपण आले. विहिरीवर झाकण पडले, मग झाकणाला कुलूप. अखेरच्या प्रकरणात चारही दिशांना भिंती. त्या गावात ना पूर आला, ना युद्ध झाले. माणसे एकमेकांच्या सीमेवरून पुसली गेली, आणि लेखकाने ते भाष्य न करता केवळ जागेतून दाखवले.

भाषणाची रचना मी अर्जाचीच ठेवली होती. आरंभी अर्जदाराचा, म्हणजे माझा, पत्ता व चतुःसीमा. मग कादंबरीची हकीकत. शेवटी मागणी, की उपस्थितांनी आपापल्या शेजाऱ्यांचा विचार करावा. मी बोलत असतानाच बाहेर चहा आला. कोणीही उठले नाही.

मग अध्यक्षस्थानी असलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "भाऊ, सुंदर बोललात. फक्त सुरुवातीला तुम्ही वाचलंत, पूर्वेस फ्लॅट क्रमांक एकशे चार. तिथं राहतं कोण?"

सभा मनमोकळी हसली. मला उत्तर ठाऊक नव्हते. तरीही त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो पूर्वी कधी वाटला नव्हता. आरंभीचे वाक्य शेवटपर्यंत लक्षात राहावे, इतके मन लावून मला कोणी ऐकले होते.

त्याच संध्याकाळी मी एकशे चारची घंटी वाजवली. दार अर्धेच उघडले. माझा व्यवसाय इमारतीत सर्वांना माहीत आहे, त्यामुळे गृहस्थांनी विचारले, "भाईसाहब, हमारे ख़िलाफ़ कोई शिकायत लिखवाई है किसी ने?"

म्हटले, "नहीं जी. आपका नाम पूछने आया हूँ."

त्यांनी नाव सांगितले, मग दार पूर्ण उघडले. आमचे बोलणे लांबले, म्हणून सौभाग्यवतीने त्या रात्री पोळ्या जरा उशिरा केल्या. आता माझ्या पत्त्यात पूर्वेस क्रमांक नाही, माणूस आहे. पश्चिमेकडे रविवारी जाणार आहे.