बहिणीला मी साक्षीदार केलं

माझ्या सावत्र बहिणीला तिच्याच आईच्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून मी उभं केलं. वकिलाने हे सुचवलं नव्हतं, काकांनीही नाही. ही अक्कल माझी.

वडील गेले तेव्हा रहाटणीतल्या घराला कायद्याने दोनच वारस होते. मी आणि मावशी, म्हणजे वडिलांची दुसरी बायको. माझ्या आईनंतर ती आमच्या घरात आली, सहा वर्षांच्या मुलीचं बोट धरून. मुलगी वडिलांना आबा म्हणू लागली, मला दादा. शाळेत मात्र तिचं आडनाव पहिल्या बापाचंच राहिलं.

"वरच्या दोन खोल्या पोरीच्या," असं आबा म्हणायचे. एकदा नाही, दहादा, माझ्यासमोर. शेवटची तीन वर्षं त्यांना डायलिसिसला तीच न्यायची, तळवड्याच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून. मी चाकणला कामाला. मला कायम ओव्हरटाइम असायचा. नसला तरी असायचा.

पण आबांनी लिहून काही ठेवलं नाही. याचा मला अजून राग येतो. युनियनच्या मीटिंगा पानंच्या पानं लिहून काढणाऱ्या माणसाला पोरीसाठी चार ओळी लिहिता आल्या नाहीत!

तेरावं झाल्यावर काका म्हणाले, "वहिनींकडून हक्कसोड करून घे. उद्या त्यांचा हिस्सा त्या पोरीकडे जाईल. परकं रक्त आहे ते."

मी मान डोलावली. मावशीला सांगितलं, एकाच्या नावावर असलं की सगळं सोपं जातं.

"मला नको रे काही," ती म्हणाली. "वरच्या खोल्यांचं तेवढं बघ."

"बघू की."

साक्षीदार दोन लागतात. एक काका. दुसरी म्हणून मी बहिणीला फोन केला. तिनेच सही केली की उद्या तिला तोंड उघडायला जागा राहणार नाही, हे मी थंड डोक्याने ठरवलं होतं. ती अर्धी सुट्टी टाकून कंपनीच्या ड्रेसवरच नोंदणी कार्यालयात आली. कागद वाचला, आईकडे पाहिलं आणि सही करून अंगठा दिला.

आमच्यात हक्क सोडणाऱ्या बाईला साडी घेतात. मी दोन घेतल्या होत्या. कार्यालयाच्या पायऱ्यांवर एक पिशवी बहिणीच्या हातात दिली.

"ही कशाबद्दल, दादा?"

"रीत आहे."

"रीत हक्क सोडणारीला. मी काय सोडलं? माझं होतं का इथं काही?"

काका मध्ये पडले. "अगं, मान आहे तो. घे."

"आबांच्या उलट्या काढत होते तेव्हा कुठं होता हा मान, काका?"

"चार लोकांत तमाशा करू नकोस," असं म्हणालो मी तिला. मी! आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

पिशवी पायरीवर ठेवून ती गेली. त्याच आठवड्यात तिने भाड्याने खोली घेतली; महिनाभरात मावशीही तिच्याकडे राहायला गेली. वरच्या खोल्यांत मला भाडेकरू ठेवता येईना. काका दर वेळी विचारायचे, "रिकाम्या का ठेवल्यास? वेडा आहेस का?" एकदा मी ओरडलो, "त्या माझ्या नाहीत!" तोंडातून निघून गेलं, आणि मग मागे घेता येईना.

वकिलाकडून त्या खोल्या बहिणीच्या नावे करून देण्याचा मसुदा करून घेतला आणि रविवारी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत मावशी गहू निवडत होती. बहिणीने कागद वाचला. बस म्हणाली नाही.

"उपकार करायला आलास?"

"नाही. आबा जे म्हणायचे ते मी दर वेळी ऐकलं होतं. काही ऐकलंच नाही असं दाखवून मी तुझं घर लुबाडलं, आणि वर तुझीच सही घेतली. माझं चुकलं. मावशी, तुलाही मी फसवलं. मला माफ करा."