हुद्दा : आई

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साठत जातात. एक दिवस भलतंच काहीतरी काढायला हात घालावा आणि सगळे धडाधडा अंगावर यावेत!

परवा आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या जुन्या मैत्रिणी जमलो होतो. एक जण पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "अगं, हजारो युजर सांभाळायचे म्हणजे डोकं फिरतं."

मी म्हटलं, "हजारो सोपे गं. मी तीन भाऊ सांभाळलेत!"

मग काय, चहा गार होईपर्यंत मीच बोलत बसले.

*

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत मी एका फौंड्रीत होते. पंपाच्या बॉड्या ओतायच्या आणि तिथंच मशीनवर पुऱ्या करायच्या, असं काम. मालक तीन भाऊ. थोरले आबा ओतकाम बघायचे, मधले बापू मशीन शॉप, आणि धाकटे संग्रामदादा ऑफिस.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. तेवढ्यात भावांचं आपसातलं बोलणं 'हं' आणि 'बघू' यांच्यावर आलं होतं. बापूंनी राहायला वेगळा बंगला बांधला होता. कारखाना फुटणार हे गेटपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, फक्त कधी ते कळत नव्हतं. आणि फुटला की पहिली मी घरी जाणार होते. एका कारखान्याला एक कॉम्प्युटरवाली परवडते, तीन तुकड्यांना तीन कोण ठेवणार?

अशात संग्रामदादांनी सगळ्यांना एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर आणलं! निरोप, नोटिसा, रजेचे अर्ज, मंजुऱ्या, सगळं कॉम्प्युटरवर. पुण्याहून एक मुलगा आला, दोन दिवस इंग्रजीत बोलला आणि एक फोन नंबर देऊन गेला. मला त्यातलं एवढंच कळलं: प्रत्येक माणूस युजर, प्रत्येक युजर एका डिपार्टमेंटात, प्रत्येक डिपार्टमेंट कुणाच्या तरी खाली, आणि सगळ्यात वर एकच माणूस.

मी आबांना विचारलं, "सगळ्यात वर कुणाला घालू?"

"विचारायचं काय त्यात? थोरला कोण हाय?"

बापूंना विचारलं. ते म्हणाले, "पंगतीत आबा वर बसूं देत की. कॉम्प्युटरवर मी कुणाच्या खाली बसनार न्हाय!"

संग्रामदादा म्हणाले, "मॅडम, सिस्टीम कुणी आणली?"

मी पुण्याला फोन लावला. वर तीन माणसं बसतात का, म्हणून विचारलं. तो मुलगा म्हणाला, "नाही मॅडम, एकच. कंपनी एकच आहे ना तुमची?"

मी म्हटलं, "आज दुपारपर्यंत तरी आहे."

शेवटी बापूच वैतागून म्हणाले, "आईला घाला." आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिघांनी एकाच गोष्टीला मान हलवली. त्यांच्या आईला सगळा कारखाना आक्का म्हणायचा. आक्कांनी कारखान्याचं तोंड वर्षातून एकदा, खंडेनवमीला मशीनच्या पूजेला बघायचं, एवढाच त्यांचा संबंध.

नाव टाकलं. पुढच्या चौकटीत हुद्दा मागितला, आणि तो भरल्याशिवाय गाडी पुढं सरकेना. मी आबांकडं बघितलं.

"आई," आबा म्हणाले. "आनि काय हुद्दा असतोय तिचा?"

तोच टाकला.

*

आमचा ड्रायव्हर रमजानभाई. सकाळी आबांची गाडी, मग बापूंची पोरं शाळेत, दुपारी संग्रामदादांची बँक, संध्याकाळी आक्कांची भाजी. आता हा माणूस कुठल्या डिपार्टमेंटात घालायचा? तिघेही म्हणाले, "माझ्याकडं." एक युजर दोन ठिकाणी बसत नव्हता, म्हणून मी तीन रमजान केले.

महिन्याभरात रमजानभाईंनी रजा टाकली. ती आबांकडच्या रमजानची निघाली. आबांनी दुसरी सोय बघितली. बापू मात्र कॉम्प्युटर बघून दारात वाट बघत उभे. "आबाचा रमजान रजेवर असंल. माझा हाय की हजर!"

संग्रामदादांनी तर त्याला गैरहजेरीबद्दल नोटीस काढली.

दुसऱ्या दिवशी रमजानभाई माझ्यासमोर बसले. बिचारे फार गंभीर होते. "म्याडम, एवढं सांगा, काल मी नक्की कुठं हुतो?"



*

पासवर्डचं छोटंसंच आहे. मी नोटीस लावली की पासवर्ड एकमेकांना सांगू नका. ओतकामाचे सुपरवायझर येऊन म्हणाले, "सांगायची गरजच न्हाय म्याडम. सगळ्यांचा जोतिबाच हाय."

मी म्हटलं, "अहो, मग बदला!"

"देव बदलायचा व्हय?"

*

कॉम्प्युटरवर कोण कुणाच्या खाली ते झाडासारखं दिसायचं. एकदा आबांना ते डिपार्टमेंटचं झाड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. माझ्या शेजारी बसले, माऊस हातात घेतला, इकडून तिकडं ओढला आणि म्हणाले, "चांगलं हाय." उठून गेले. माऊस सोडला तेव्हा सगळी भट्टी उचलून कँटीनच्या खाली गेली होती, हे ना त्यांना कळलं, ना मला.

दुसऱ्या दिवशी भट्टीत बिघाड झाला. सुपरवायझरनं नियमाप्रमाणं वरच्या डिपार्टमेंटला निरोप पाठवला, 'भट्टी बंद आहे. काय करावे?'

कँटीनला शांतामावशी. चहाच्या कुपनांसाठी त्यांनाही एक जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यांनी उत्तर टाकलं, 'आमची चालू हाय. या.'

आबा आले तर ओतकामात चिटपाखरू नाही! कँटीनमध्ये जाऊन बघतात तर सगळे चहा पीत बसलेले.

"कुणी सांगितलं रे काम सोडून यायला?" आबा कडाडले.

सुपरवायझर उभे राहून म्हणाले, "वरून आदेश आला, साहेब."

*

आता मंजुऱ्यांचं. रजा कुणी मंजूर करायची, तिथं कुणाही एका भावाचं नाव टाकलं असतं तर उरलेल्या दोघांनी मला दारात उभं केलं नसतं. म्हणून मी 'सर्वात वरचा' असं निवडलं आणि सुटले. सुटले कसली! आठवडाभर एकही रजा मंजूर होईना. सगळे अर्ज आक्कांच्या नावावर जाऊन बसलेले, आणि आक्का घरी शेंगा फोडत बसलेल्या.

मग आक्कांच्या घरी, पुढच्या सोप्यात, टीव्हीशेजारी, कॉम्प्युटर बसवला. संग्रामदादांच्या बायकोनं, म्हणजे धाकट्या वहिनींनी, अर्ज वाचून दाखवायचा, आक्कांनी सांगायचं, आणि वहिनींनी बटण दाबायचं.

पहिलाच अर्ज मशीन शॉपच्या टर्नरचा होता, स्वतःच्या लग्नासाठी रजा.

आक्कांनी विचारलं, "कुणाचा पोरगा?"

वहिनी म्हणाल्या, "टर्नर आहे, मशीन शॉपमधला."

"टर्नर असूं दे की. कुणाचा पोरगा?"

वहिनींचा मला फोन. मला तरी काय माहीत? आमच्याकडं तसा रकानाच नव्हता. मी पुण्याला फोन केला की आणखी एक रकाना पाहिजे.

तो मुलगा म्हणाला, "रिपोर्टिंग मॅनेजरचा का?"

"नाही हो. हा माणूस कुणाचा, त्याचा."

मग त्यानं मला होल्डवर ठेवलं, ते ठेवलंच.

शेवटी टर्नर स्वतः वडिलांना घेऊन घरी गेला. आक्कांनी पत्रिका मागून घेतली, ती देवापुढं ठेवली, दोघांना जेवायला घातलं आणि मग रजा मंजूर केली. त्या दिवसापासून आमच्याकडं लग्नाची रजा पत्रिकेशिवाय मिळायची बंद झाली. संग्रामदादा या सगळ्याला 'वर्कफ्लो' म्हणायचे.

*

ओतकामात साचे करणारा सदा नावाचा एक मोल्डर होता. हाताला चांगला, पण रजेच्या बाबतीत बेरकी. मित्रांचा पन्हाळ्याला जेवणाचा बेत ठरला, तसा यानं अर्ज टाकला, 'आजी वारली.'

वहिनींनी वाचून दाखवला. आक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि रमजानभाईंना गाडी काढायला सांगितली. आपल्या माणसाच्या घरी मयत झाल्यावर भेटायला नको जायला?

सदाच्या घरी एक म्हातारी दारात गहू निवडत बसली होती. आक्का काही न बोलता तिच्याजवळ जाऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वाईट झालं."

म्हातारी गडबडली. एवढी मालकीणबाई गाडीतून येऊन डोळे पुसतेय म्हणजे तिच्याच घरी काहीतरी झालं असणार! तिनं आक्कांच्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय बाई, वाईटच झालं. आपल्या हातात काय असतंय?"

रमजानभाई सांगायचे, दोघी मिळून चांगल्या पाव तास रडल्या. कोण कुणाचं सांत्वन करतंय, त्यांना काही समजेना.

मग म्हातारी उठली आणि चहा करून घेऊन आली. आक्कांनी कप बाजूला सारला. "नको. अशा घरी च्या घेत न्हाईत."

"अशा म्हंजे? कोण मेलंय?"

"तुमच्यातली म्हातारी की."

"आमच्यात म्हातारी मीच हाय!"

मग म्हातारीनं कप परत पुढं सरकवला. "कोण मेल्यालं न्हाई बाई. घ्या च्या."

आक्कांनी दोन कप घेतले. घरी येऊन रजा नामंजूर केली आणि शेरा लिहायला लावला, 'आजी बरी आहे. चहा चांगला करते.'

दुसऱ्या दिवशी सदा भोंग्याच्या आधी गेटवर हजर होता. हा किस्सा कारखानाभर झाला. सगळ्यात जास्त हसले ते बापू. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते.

*

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी बापू माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हसत नव्हते.

"म्याडम, माझं झाड वेगळं काढा. मशीन शॉपची सगळी मानसं माझ्याखाली, वर माझं नाव. वकील कागदाचं बघतोय, तुम्ही कॉम्प्युटरचं बघा."

टाळायला काही कारण मिळावं म्हणून मी त्यांच्यासमोरच पुण्याला फोन लावला. तो मुलगा म्हणाला, "होतं की मॅडम, सोपं आहे. फक्त सगळ्यात वरच्या युजरची मंजुरी लागेल."

मी बापूंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "पाठवा."

पाठवला. तासाभरात ओतकामात कळलं, कँटीनमध्ये कळलं. कारखाना फुटल्यावर मला कोण ठेवणार, हा विचार करत मी नुसती स्क्रीनकडं बघत बसले होते. लोक रमजानभाईंना म्हणत होते, "तुझं बरं हाय, तू तिन्हीकडं हाईस."

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मॅडम, आक्कांना अर्ज वाचून दाखवला."

"काय म्हणाल्या?"

"नेहमीचंच. 'कुणाचा पोरगा?' म्हणाल्या."

"मग?"

"मला सांगवेचना. त्यांनीच चष्मा लावला आणि स्क्रीनजवळ जाऊन नाव वाचलं. आता त्यांनी रमजानला गाडी काढायला सांगितलीय."

आक्का आल्या त्या थेट मशीन शॉपमध्ये. मीही मागोमाग गेले. डोक्यावरून पदर घेतलेला. बापूंच्या टेबलाजवळ एक स्टूल होतं, त्यावर बसल्या आणि खाली बघत राहिल्या.

बापू धावत आले. "आई? तू हितं कशी?"

"भेटायला आलोय."

बापूंना कळेना. मलाही नाही. पहिल्यांदा कळलं ते सदाला. तो बॉड्यांची गाडी ढकलत आला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याला बघून टर्नरनं मशीन बंद केलं. मग शेजारचं बंद झालं, मग त्याच्या पलीकडचं. एवढं शांत मशीन शॉप मी कधी ऐकलं नव्हतं.

आबा आले. आईला तसं बसलेलं बघितलं आणि काही न विचारता तिच्या पायाशी फरशीवर बसले. संग्रामदादा आले, तेही बसले.

आक्का म्हणाल्या, "वाईट झालं."

बापू एकटेच उभे. काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी शांतामावशींना हाक मारून चहा मागवला. मावशी कपबशी आणून टेबलावर ठेवून गेल्या. आक्कांनी ती हातानं बाजूला सारली.

"नको. अशा घरी च्या घेत न्हाईत."

बापूंनी आईकडं बघितलं. खाली बसलेल्या दोन भावांकडं बघितलं. चहावर साय धरायला लागली होती.

मग बापू आईच्या पुढ्यात उकिडवे बसले. कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्यापुढं धरली.

"कोण मेल्यालं न्हाई, आई. घे च्या."